मागचे ब्रेक कॅलिपर घरीच उतरवायचे आहेत (ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, २००५)

चिरेबंदी (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी.

गाडी बाबांची. २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, चारही चाकांना डिस्क. हल्ली ती मीच चालवते आणि जमेल तेवढं कामही मीच करते. ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड हे सगळं घरच्या खळ्यातच होतं.

त्रास असा आहे. मागचं डावं चाक तापतं. निवळी फाट्यावरून घरी येईपर्यंत रिम इतकी गरम होते की हात ठेववत नाही. उजवी बाजू कोमट असते. डाव्या डिस्कवर कडेला निळसर झाक दिसायला लागली आहे. गाडीखाली वाकून पाहिलं तेव्हा हँडब्रेक सोडल्यावरही डाव्या कॅलिपरवरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरचा, हँडब्रेकचा आर्म पूर्ण मागे येत नव्हता. उजवा येतो, पण सावकाश.

आधी तक्रार उलटी होती, हँडब्रेक धरत नव्हता. गॅरेजमध्ये केबल आवळून दिली. ब्रेक धरायला लागला, पण चाक तापणं त्यानंतरच वाढलं. आता ते म्हणतात की दोन्ही कॅलिपर नवीन टाका.

कोल्हापुरात एक कारागीर जुने कॅलिपर उघडून साफ करून नवीन सील घालून देतात. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांना गाडी नको, फक्त कॅलिपर हवेत. चाक अडकत असताना गाडी आंबा घाटातून न्यायची माझी तयारी नाही. म्हणून कॅलिपर इथेच उतरवायचे, एस.टी. पार्सलने पाठवायचे आणि परत आले की बसवायचे असं ठरवलं आहे. गाडीची पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झाली होती, त्याची पुढची तपासणी जवळ आली आहे. त्याआधी ब्रेक चोख हवेत.

गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड आहेत. अडलंय ते इथे:

कॅलिपर ज्यावर बसतो त्या मागच्या ब्रॅकेटच्या बोल्टला ८ चं एलनचं (सहाकोनी खाचेचं) डोकं आहे आणि त्यात गंज आणि माती घट्ट बसली आहे. कॅलिपर काढायला ते बोल्ट खोलावेच लागतात का? ब्रेकचा होज सोडला की ऑइल सगळं वाहून जाणार, ते कसं थांबवायचं? पुढचे पॅड बदलताना मी पिस्टन सी-क्लॅम्पने आत दाबते, मागे तसं चालेल का? आणि मागची चाकं उचलायची म्हणजे हँडब्रेक लावता येणार नाही. आमचं खळं लाल मातीचं आहे, थोडा उतारही आहे. चिरे भरपूर पडलेत, ते गाडीखाली रचून ठेवले तर?

ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिकलठाणा_वर्कशॉप (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी एस.टी.च्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत आयुष्य घालवलं. आमच्या बसचे ब्रेक हवेवर चालायचे, त्यांचा तुमच्या गाडीशी संबंध नाही. पण घरी २००३ ची ऑक्टाव्हिया आहे, इथे शेंद्र्यालाच जोडलेली, आणि तिचे मागचे कॅलिपर मी अंगणातच उतरवतो. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून सुरुवात तिथूनच करतो.

चिरा गाडीखाली अजिबात ठेवू नका. जांभा भिंतीत उभा राहतो तो सगळीकडून सारखा भार आल्यामुळे. जॅकच्या एवढ्याशा तळाखाली किंवा गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली एका जागी भार आला की तो दुभंगतो, आणि दुभंगण्याआधी आवाज करत नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. स्टँड आहेत तेच वापरा. खळं मातीचं आहे म्हणून प्रत्येक स्टँडखाली आणि जॅकखाली जाड फळी टाका, निदान दीड-दोन इंची, नाहीतर भार आल्यावर एक पाय मातीत रुततो. उतारावर हे काम करू नका. शेजाऱ्यांचं सिमेंटचं अंगण असेल, देवळासमोरची फरशी असेल, तिथे सकाळभर गाडी लावायची परवानगी मागा. लोक देतात.

हँडब्रेक लावता येत नाही हे खरं. पण तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे पहिला गिअर टाकला की पुढची चाकं इंजिन धरून ठेवतं. त्याशिवाय पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ओट (अडसर) लावा. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, १७ ची गोटी लागेल. स्टँड पट्टीवरच्या खुणेच्या जागीच लावा. गाडी स्टँडवर टेकली की तिला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर खाली घ्या आणि परत लावा. चाक काढलं की ते आडवं करून पट्टीखाली सरकवून ठेवा. काही झालंच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅलिपर खोलायच्या आधी दोष कुठे आहे ते बघा.

या कॅलिपरमध्ये एकाच पिस्टनकडून दोन कामं करून घेतलेली आहेत. पायाने ब्रेक दाबला की ऑइलचा दाब पिस्टन ढकलतो. हँडब्रेक ओढला की बाहेरचा आर्म फिरतो आणि आतल्या स्क्रूवरून तोच पिस्टन ढकलला जातो. पॅड झिजत जातात तसतसं आतलं अंतर हा स्क्रू स्वतःच भरून काढतो. पण कधी? आर्म पूर्ण मागे येऊन स्टॉपरला टेकत असेल तरच. केबल आवळून आर्म स्टॉपरवरून उचलला की ही आपोआप होणारी जुळणी थांबते. काही दिवस हँडब्रेक छान धरतो, मग पॅड झिजतात, परत ढिला वाटतो, परत केबल आवळली जाते. शेवटी आर्म कायम अर्धवट ओढलेला राहतो आणि पॅड डिस्कवर घासत राहतात. तुमच्या डाव्या चाकाचं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. हँडब्रेक ढिला वाटला तर केबलकडे सगळ्यात शेवटी जायचं, हे मी आमच्या पोरांना नेहमी सांगत आलो.

म्हणून आधी गाडीच्या आतून केबल ढिली करा. दोन्ही सीटच्या मधल्या कन्सोलवर मागच्या बाजूला अ‍ॅशट्रे आहे. ती काढली की आत दोन नट दिसतात, एकेका केबलला एकेक. ते सैल करा. मग खाली जाऊन डाव्या आर्मवरून केबलचं टोक काढा: आर्म पक्कडीने थोडा पुढे ओढायचा आणि केबलचं बोंड खाचेतून वर उचलायचं. आता आर्म हाताने फिरवून सोडा. तो झटकन स्टॉपरवर गेला तर कॅलिपर निर्दोष आहे, केबल आवरणात गंजून जाम झाली आहे. कॅलिपर पार्सल करून उपयोग होणार नाही, केबल बदलावी लागेल. आर्म जिथल्या तिथे राहिला किंवा ढकलावा लागला तर त्याचा दांडा कॅलिपरच्या बॉडीत गंजला आहे, आणि मग तुमचा कोल्हापूरचा बेत योग्य आहे. कोकणच्या हवेत दोन्ही एकदम खराब झालेलं असू शकतं, म्हणून केबलचं टोकही हाताने मागेपुढे ओढून बघाच.

ऑइल थांबवायची युक्ती सोपी आहे. टाकीतली पातळी मॅक्सच्या खुणेवर ठेवा. ब्रेकचं पेडल दोन-अडीच इंच खाली दाबा आणि पेडल आणि सीट यांच्यात लाकडी पट्टी घट्ट बसवा. पेडल खाली असलं की मास्टर सिलिंडरमधली (पेडलने ऑइलवर दाब देणारा भाग) टाकीकडची भोकं झाकली जातात, मग होज उघडा असला तरी टाकी रिकामी होत नाही, थोडं ठिबकतं तेवढंच. पट्टी लावल्यावर कॅलिपरवरची निपल (हवा काढायची छोटी तोटी) जराशी उघडून आतला दाब सोडून द्या, नाहीतर होज खोलताना ऑइल अंगावर उडेल. पेडल दाबलेलं असताना ब्रेकलाइट पेटलेले राहतात. कॅलिपर कोल्हापूरला जाऊन येईपर्यंत बॅटरी उतरेल, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. होजला पक्कडीने चिमटा लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वीस वर्षांच्या होजचं रबर आतून फाटतं.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. या गाडीत क्लचही त्याच टाकीतल्या ऑइलवर चालतो. टाकी रिकामी झाली तर ब्रेकबरोबर क्लचमध्येही हवा शिरते, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला कॉम्प्युटर लावावा लागतो. टाकीवर लक्ष ठेवा.

कॅलिपर काढायला ब्रॅकेट खोलायची गरज नाही. कॅलिपर मागच्या बाजूने दोन बोल्टवर धरलेला आहे, डोकं १३ चं. हा बोल्ट फिरवताना आतली स्लाइड पिनही (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) बरोबर फिरते, म्हणून पिनेला १५ च्या पातळ पान्याने धरून ठेवायचं. साधा १५ चा पाना जाड असेल तर मध्ये शिरत नाही. सायकलवाल्याकडे कोनचे पातळ पाने असतात, त्यांच्याकडे मिळतो का बघा. पण हे दोन बोल्ट काढायच्या आधी होजचा बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) थोडा ढिला करा. कॅलिपर जागेवर घट्ट असताना तो सहज सुटतो. हातात लोंबता कॅलिपर धरून सोडवायला गेलात तर होजला पीळ बसतो. बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात, जोडताना नवीनच घाला.

मग केबलच्या आवरणाची क्लिप ओढून काढा, १३ चे दोन्ही बोल्ट काढा, कॅलिपर पॅडवरून मागे सरकवा. अडला तर पॅडच्या पाठीला पेचकस लावून थोडं मोकळं करा, हातोडा नको. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. होजच्या टोकाला आणि कॅलिपरच्या भोकाला स्वच्छ रबरी बुच किंवा प्लास्टिक घट्ट बांधा. पार्सल करण्याआधी प्रत्येकावर डावा-उजवा असं ऑइलपेंटने लिहा. अदलाबदल झाली तर निपल खालच्या बाजूला येते आणि हवा कितीही काढली तरी निघत नाही.

तरीसुद्धा ब्रॅकेट खोला असंच मी सांगेन. पॅड जिथे सरकतात त्या स्टीलच्या पट्ट्यांखाली गंज फुगतो आणि पॅड आवळून धरतो. नवा कॅलिपर बसवूनही चाक तापतं ते याच्यामुळे. एलनच्या डोक्यातली माती खिळ्याने टोकरून पूर्ण काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग एलनची गोटी हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा. अर्धी बसलेली एलन डोकं खाते. आत जागा कमी पडली तर एलन कीचा बोटाएवढा तुकडा कापून ८ च्या रिंग पान्यात अडकवून फिरवा. आच देऊ नका. जवळच रबर आहे आणि ब्रेक ऑइल पेट घेतं.

पिस्टनचं उत्तर: सी-क्लॅम्प चालणार नाही. तो आतल्या स्क्रूवर आहे, सरळ दाबलात तर स्क्रूची जुळणी मोडते आणि हँडब्रेक कायमचा जातो. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा आहेत. त्यात हत्यार अडकवून आत दाबता दाबता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. दोन्ही बाजूंना दिशा तीच. हे पिस्टन फिरवायचं हत्यार बाजारात मिळतं, घेऊन ठेवा. फिरवताना धुळीच्या रबराच्या कडेला रबराला चालणारं ग्रीस लावा, नाहीतर ते पिस्टनबरोबर पिळवटतं आणि फाटतं.

घाटवाट (चिपळूण)

काकांनी सगळं लिहिलंच आहे. एक तपासणी मी जोडतो, कारण माझ्या गाडीत दोष तिसऱ्याच ठिकाणी निघाला होता.

जुना होज बाहेरून छान दिसतो, पण आतून फुगून त्याचं भोक चिंचोळं होतं. पायाचा जोर असतो तेव्हा ऑइल आत जातं, पाय उचलल्यावर परत येत नाही, आणि चाक आवळलेलं राहतं. ओळखायचं असं: गाडी चालवून चाक आवळलं की लगेच, थंड होण्याआधी, ते चाक उचलायचं आणि हाताने फिरवायचं. फिरत नसेल तर निपल थोडी उघडायची. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दोष होजचा. निपल उघडूनही चाक तसंच अडलं तर कॅलिपर, केबल किंवा पॅड. या वेळी डिस्कला आणि कॅलिपरला हात लावू नका, भाजतं. डोळ्यांना चष्मा हवाच.

ताई, होज तसेही खोलणारच आहात. वीस वर्षांचे असतील तर कॅलिपर परत येईपर्यंत मागचे दोन्ही नवीन मागवून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तेच काम परत करावं लागू नये.

बीकर (सांगली)

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाडीचं फार कळत नाही, पण ब्रेक ऑइलबद्दल लिहायला हवं, कारण इथे गॅरेजमध्ये ज्या रीतीने सुटे भाग धुतात ते बघून मला काळजी वाटते.

आपण ऑइल म्हणतो, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे खनिज तेल नाही. ते ग्लायकॉलच्या जातीचं आहे, आणि कॅलिपरमधले सील ज्या रबराचे असतात ते रबर ग्लायकॉलमध्ये टिकतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांत फुगतं. सुटे भाग डिझेलने धुऊन नवीन सील घातले तर ते काही दिवसांत फुगून पिस्टनला आवळतात, आणि मग सगळे म्हणतात की किट खराब होतं. कारागिराला आवर्जून सांगा की कॅलिपर धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, आणि सील घालताना ताज्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवून घाला. पिनेला लावायचं ग्रीस सिलिकोनचं किंवा ब्रेकच्या रबरासाठी म्हणूनच विकलं जाणारं असावं.

दुसरं, ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या हवेत फोडलेला डबा अर्धा ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये तेवढं पुरतं. आत वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. कॅलिपर गंजतो त्यालाही बाहेरच्या पावसाइतकंच हे आत मुरलेलं पाणी कारणीभूत असतं. म्हणून उरलेलं जुनं ऑइलही चारही चाकांतून बाहेर काढाच.

रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पाण्यात ते विरघळतं. आणि पॅडची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुने पॅड कशाचे असतील ते ठाऊक नसतं, ॲस्बेस्टॉसही असू शकतं. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

चिरेबंदी (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून काय निघालं ते लिहिते.

खळ्याऐवजी समोरच्या मामींच्या पेव्हर ब्लॉकच्या अंगणात गाडी लावली. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी केबल सोडून आर्म तपासले. डावा आर्म सोडला तिथेच राहिला. हाताने स्टॉपरपर्यंत न्यावा लागला आणि न्यायलाही जोर लागत होता. उजवा हळू का होईना, आपला आपण मागे गेला. डाव्या केबलचं टोक ओढलं तर खरखर लागत होती आणि आवरण ब्रॅकेटजवळ चिरलेलं होतं. म्हणजे डाव्या बाजूला कॅलिपर आणि केबल दोन्ही गेलेले. दोन्ही केबल नवीन आणल्या.

पेडलला पट्टी लावण्याची युक्ती उत्तम चालली. टाकीतली पातळी जेमतेम हलली. १५ चा पातळ पाना खरंच सायकलच्या दुकानात मिळाला. डाव्या ब्रॅकेटचा खालचा एलन सगळ्यात चिवट निघाला. रात्रभर स्प्रे, मग गोटी ठोकून बसवणं, मग लांब पाइप घालून ओढणं. सुटताना बंदूक उडावी तसा आवाज आला. स्टीलच्या पट्ट्यांखाली गंजाचा जाड थर होता, तो वायर ब्रशने आणि कानसीने काढला तेव्हा नवीन पॅड बोटाने सरकायला लागला. हे ब्रॅकेट मी खोलणार नव्हते, तुम्ही आग्रह केलात म्हणून खोललं.

डिस्क मोजल्या. डावी सात मिलिमीटरच्याही खाली आलेली, उजवी थोडी वर. दोन्ही नवीन घातल्या.

कोल्हापूरच्या कारागिरांना बीकर मॅडमचा निरोप फोनवर शब्दशः वाचून दाखवला. ते म्हणाले, आम्ही स्पिरिटनेच धुतो. डाव्या कॅलिपरमधल्या आर्मच्या दांड्याचं रबर फाटलं होतं, तिथून पाणी शिरून दांडा गंजला होता. दांडा पॉलिश करून नवीन सील घातलं. आता दोन्ही आर्म बोटाने ओढून सोडले की टक्कन स्टॉपरवर जातात. होजही दोन्ही नवीन आहेत.

बसवून झालं, चारही चाकांची हवा काढून नवीन डॉट ४ भरलं. पेडल घट्ट आहे. पण हँडब्रेकचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत वर येतो आणि ब्रेक धरत नाही. केबलचे नट अजून सैलच आहेत. आता आवळू का? आणि बोल्ट किती ताकदीने आवळायचे ते एकदा आकड्यात सांगाल का, म्हणजे चाक चढवण्याआधी परत तपासते.

चिकलठाणा_वर्कशॉप (छत्रपती संभाजीनगर)

ताई, अतिशय नीट काम केलंत. डिस्क मोजल्यात ते फार बरं झालं. मागची डिस्क नवीन ९ मिलिमीटरची असते आणि ७ ला बाद होते.

नटाला अजून हात लावू नका. कॅलिपर उघडून जोडला आहे, पिस्टन पूर्ण आत फिरवलेला आहे, पॅड नवीन, डिस्क नवीन. आतल्या स्क्रूला अजून आपली जागा सापडलेली नाही. ती त्याला पायाच्या ब्रेकने सापडते, हाताच्या नाही. इंजिन चालू करा, हँडब्रेक पूर्ण खाली ठेवा, आणि पेडल सावकाश पण जोर लावून दाबा, सोडा, परत दाबा. असं बरेचदा करा. मग चाक हाताने फिरवून बघा. पॅड डिस्कला जेमतेम लागल्याचा हलका आवाज येतो, तेवढा ठीक आहे.

त्यानंतर केबल. दोघांपैकी एकाने आत बसून दोन्ही नट थोडे थोडे आवळायचे, दुसऱ्याने खाली आर्मकडे बघत राहायचं. आर्म स्टॉपरवरून उठायला लागला की थांबायचं आणि नट इतका मागे घ्यायचा की आर्म परत टेकेल. दोन्ही बाजूंना सारखं करायचं. मग हँडब्रेक काही वेळा जोरात ओढून सोडा. नवीन केबल ताणते, म्हणून परत एकदा बघा. हँडब्रेक खाली असताना दोन्ही आर्म स्टॉपरला टेकलेले हवेत. ते टेकलेले असून दांडा अजून एखादा खटका जास्त वर येत असेल तर येऊ द्या, पॅड बसले की तो कमी होईल.

आकडे असे: कॅलिपरचे १३ चे बोल्ट ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे एलन ६५, चाकाचे १२०. कॅलिपरचे बोल्ट कंपनी दरवेळी नवीन घालायला सांगते कारण त्यांच्या आट्यांवर लॉक करणारा लेप असतो. किटबरोबर नवीन आले असतील तर तेच वापरा. नसतील तर आटे साफ करून लॉक करणारं द्रव्य लावा. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर घेतल्यावर आडवेतिडवे क्रमाने आवळा आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर परत तपासा.

एक राहिलं. बँजोच्या वॉशरजवळ कोरडा पांढरा कागद लावा, कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा, आणि कागद ओला होतो का बघा. दोन्ही बाजूंना. मगच रस्त्यावर काढा, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर आचके देऊन ब्रेक मारू नका. आंबा घाट त्यानंतर.

चिरेबंदी (रत्नागिरी)

पेडल दाबून घेतल्यावर दांडा बराच खाली आला, नट जेमतेम थोडे फिरवावे लागले. दोन्ही आर्म टेकलेले आहेत. कागद दोन्हीकडे कोरडा. आज हातखंब्यापर्यंत जाऊन आले, मागची दोन्ही चाकं सारखीच कोमट होती. मामींच्या उतारावर हँडब्रेकवर गाडी उभी राहते.

कोणाला जुन्या डाव्या केबलच्या टोकाचा फोटो हवा असेल तर सांगा, आवरण कुठे चिरलं होतं ते त्यात स्पष्ट दिसतं. आपापल्या गाडीची तीच जागा तपासता येईल.